टपालात न पडलेली पत्रे

बाहेरगावचा पाहुणा घरी आला आणि त्याने किल्ला पाहण्याची इच्छा दर्शविली, म्हणजे आपण नगरकर त्याला एका ठरावीक क्रमाने हिंडवतो. प्रथम खंदक, मग बुरूज, मग चांदबिबीची हकीकत. त्यानंतर १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने किल्ला कसा घेतला ते. अखेरीस नेत्यांचा कक्ष. येथे आपला आवाज जरा चढतो. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली येथेच पाच महिन्यांत लिहून काढला, आचार्य नरेंद्र देव येथेच बौद्ध तत्त्वज्ञानावर लिहीत होते, पट्टाभि सीतारामय्यांची रोजनिशी येथली, मौलाना आझादांची पत्रे येथली. पाहुणा 'वा!' म्हणतो आणि आपण त्याला बाहेर आणून उसाचा रस पाजतो.

आम्हीही हेच करीत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाई आमच्याकडे आल्या होत्या, त्यांना असेच हिंडवून आणले. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "काय रे, एवढे बारा बाप्ये तीन वर्षं इथं कोंडलेले. त्यातलं कुणी रडलं असेल का रे?" आम्ही हसून वेळ मारून नेली. आत्याबाईंचे यजमान ऐन उमेदीत एका अपघातात गेले होते. रात्री उशिरा शेजारच्या दुकानातल्या टेलिफोनवर निरोप आला होता. तेव्हापासून घरादाराने, गावाने एकच वाक्य त्यांच्याविषयी म्हटले: बाई धीराची, डोळ्यातून टिपूस काढले नाही. ह्या धीराच्या बाईंना पुढे चाळीस वर्षे रात्री टेलिफोन वाजला की दरदरून घाम फुटे आणि हातातले भांडे गळून पडे, हे मात्र कोणी कोणाला सांगत नसे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ते सापडले. ते किल्ल्यातच होते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली. गांधीजींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये उतरविले आणि बाकीच्यांना घेऊन खास गाडी नगरास आली. मौलाना अबुल कलाम आझाद हे तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. ऑगस्टच्या आरंभी ते कलकत्त्याहून मुंबईस निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत पोचवावयास आल्या होत्या. त्यांची प्रकृती आधीपासूनच ठीक नव्हती. निरोपाचे दोन शब्द बोलल्या, अधिक काही नाही. पुन्हा भेट नाही, असे त्या बाईंच्या मनाला तेव्हाच कळले असावे, असे मौलानांना पुढे वाटत राहिले.

किल्ल्यात मौलाना पहाटे तीन-साडेतीनला उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत आणि लिहावयास बसत. ते लिहीत ती पत्रे. ती नवाब सद्रयार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी ह्या आपल्या जुन्या विद्वान स्नेह्यास उद्देशून होती. गंमत अशी की, त्यातले एकही पत्र टपालात पडावयाचे नव्हते. अशी पत्रे धाडण्याची मुभाच नव्हती, आणि हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. तरीही तो तारीख घालून, मित्राला संबोधून, पत्र लिही आणि फाईलमध्ये ठेवून देई. १९४६ साली ही फाईल 'गुबार-ए-खातिर' ह्या नावाने पुस्तक होऊन प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ मनावरची धूळ. आपल्या गावात लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत नेहरूंच्या ग्रंथाचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला येते. ह्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव विचारावे तर सुशिक्षित मंडळीही छताकडे पाहू लागतात. उर्दूचे कारण पुढे करता येईल. पण ते पुरेसे कारण नव्हे.

ह्या पत्रांतली चिमण्यांची गोष्ट फार गोड आहे. खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी केली, कचरा पडू लागला, तेव्हा मौलानांनी प्रथम काठी घेऊन त्यांच्याशी युद्ध पुकारले. युद्धात हार पत्करल्यावर त्यांनी तह केला. तांदळाचे दाणे आधी लांब, मग जवळ, मग तळहातावर. शेवटी चिमण्या अंगाखांद्यावर बसू लागल्या. १९४३ च्या मार्चमधले हे लेखन. वाचताना वाटते, गृहस्थ किती निवांत आहे! परंतु ह्याच सुमारास कलकत्त्याहून पत्नीचे दुखणे विकोपास गेल्याच्या वार्ता येऊ लागल्या होत्या.

तुरुंगाधिकाऱ्याला ह्या मंडळींनी चांदबिबीच्या कथेतल्या एका नावावरून 'चीताखान' असे टोपणनाव ठेवले होते. तो मौलानांकडे आला आणि म्हणाला की, सरकारकडे काही अर्ज करावयाचा असल्यास मी तो तात्काळ रवाना करतो. मौलानांनी नकार दिला. परक्या सरकारपुढे स्वतःच्या दुःखासाठी हात पसरावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय. सहकाऱ्यांनी सुचवून पाहिले, जवाहरलालांनीही विषय काढला. निश्चय बदलला नाही. ९ एप्रिलला तार आली. झुलेखा बेगम गेल्या होत्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला.

दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, मौलानांनी जे पत्र लिहिले ते आम्ही पुनःपुन्हा वाचले आहे. ते लिहितात त्याचा भावार्थ असा. ह्या दिवसांत माझ्या मनाची जी अवस्था झाली ती मी लपवू इच्छीत नाही. सारे शांतपणे सोसावे असा माझा प्रयत्न होता. त्यात माझे बाह्यरूप यशस्वी झाले. अंतरंग बहुधा झाले नाही. रोजचा कार्यक्रम त्यांनी एका मिनिटानेही चुकू दिला नव्हता. जेवणाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर हजर, गप्पांच्या वेळी गप्पांत हजर. वर्तमानपत्रे दुपारी येत. अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकू आला की छाती धडधडू लागे, परंतु आपण उठून पाहावयास गेलो तर लोक काय म्हणतील म्हणून ते मान खाली घालून लिहिण्यात गढल्याचे सोंग करीत. हे सोंगच होते, आणि त्यात आपल्या अहंकाराचाही वाटा होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. पुढे ते लिहितात की, आवारात एक जुनी कबर आहे. कोणाची ते माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा ती पाहिली, पण आता ती पाहताच तिच्याविषयी एक निराळीच माया वाटू लागली आहे. आदल्या संध्याकाळी ते कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि एका प्राचीन अरबी कवीने आपल्या भावासाठी केलेला विलाप त्यांना आठवला.

आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. डोळ्यांत पाणी आले की नाही ते पत्रात नाही. परंतु बाहेरून धीरोदात्त दिसणारा मनुष्य आतून कसा असतो, ह्याची एवढी प्रामाणिक साक्ष आपल्या गावाच्या इतिहासात दुसरी नाही.

नाही कशी? आणखी एक आहे, आणि ती जिच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो तिचीच आहे. जामखेड तालुक्यातील चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे चित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पांढरे वस्त्र, हातात शिवलिंग, चेहऱ्यावर अपार शांती. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. सती जाण्यापासून सासऱ्यांनी अडविले. १७६६ मध्ये ते सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. १७९१ मध्ये जावई गेल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. तिला अहिल्याबाई विनवून थकल्या, पण ती ऐकेना. हे सारे सोसून त्यांनी राज्य केले, घाट बांधले, देवळे उभारली. ही यादी आपण जयंतीच्या भाषणांत वाचतो आणि 'केवढे धैर्य!' म्हणून टाळ्या घेतो.

परंतु सर जॉन माल्कम ह्याने माळव्यात हिंडून जुन्या माणसांकडून हकीकती गोळा केल्या आणि १८२३ साली ग्रंथरूपाने छापल्या. त्यात मुक्ताबाईच्या चितेपाशी उभ्या असलेल्या अहिल्याबाई निराळ्या दिसतात. त्यांना दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा सारा संयम सुटला, त्या किंचाळल्या आणि धरलेले हात सोडवता येईनात म्हणून दुःखाच्या भरात आपलेच हात चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या त्या तीन दिवस. अन्न जवळजवळ नाही, तोंडातून शब्द नाही. त्यातून उठल्यावर त्यांनी मुलीजावयाच्या स्मारकाच्या बांधकामात मन घातले. माल्कम परका, विजेत्यांच्या पक्षाचा. त्याच्या अनेक मतांशी आमचे जमत नाही. परंतु ही हकीकत त्याने कमीपणा दाखविण्यासाठी लिहिलेली नाही, तो तर बाईंचा भक्तच होता. पुतळा करणाऱ्यांनी ते तीन दिवस वगळले, एवढेच.

आता ह्या दोन हकीकतींना धरून थोडे शास्त्राकडे वळू. इतिहासाच्या व्याख्यानात वैद्यक कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मनाच्या आघाताचे शास्त्र हेच मुळी मोठे इतिहासजमा शास्त्र आहे. दर पिढीने तोच आजार नव्याने शोधला आणि त्याला नवे नाव दिले. आगगाड्यांचे अपघात होऊ लागले तेव्हा, १८६६ मध्ये, लंडनच्या एरिकसन नावाच्या शल्यवैद्याने अंगावर खरचटलेलेसुद्धा नसताना महिनोन्महिने थरथरणाऱ्या, झोप उडालेल्या प्रवाशांचे वर्णन केले. लोक त्याला 'रेल्वेचा कणा' म्हणू लागले, कारण इजा पाठीच्या कण्याला झाली असावी अशी समजूत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तेच सैनिकांचे हृदय झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, मायर्स ह्या डॉक्टराने 'शेल शॉक' हे नाव छापून आणले. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू हलतो अशी कल्पना. मग ज्यांच्या आसपास गोळाच पडला नाही तेही तसेच थरथरू लागले, तेव्हा त्यांना भित्रे ठरविण्यात आले. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावाच्या विकाराला आपल्या ग्रंथात अधिकृत स्थान दिले. मूळ ग्रीक शब्द 'ट्रॉमा', आणि त्याचा अर्थ साधा: जखम.

ह्या नामावळीत आपल्या नगरचाही एक दूरचा वाटा आहे. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी येथे होते. १९१४ नंतर तर हिंदुस्थानभरचे जर्मन आणि ऑस्ट्रियन, व्यापारी, मिशनरी, खलाशी असे सगळे नगरच्या छावणीत कोंडले गेले. काहींची सुटका १९२० उजाडेपर्यंत झाली नाही. १९१७ मध्ये रेडक्रॉसचे स्विस प्रतिनिधी अशा छावण्या पाहून गेले. युरोपातल्या छावण्यांवरून फिशर नावाच्या स्विस डॉक्टराने १९१८ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि ह्या कैद्यांच्या विकाराला 'काटेरी तारेचा रोग' म्हटले. लक्षणे: चिडचिड, विस्मरण, दोन ओळीही नीट वाचता न येणे, सहकैद्यांविषयी संशय. मारहाण नाही, उपासमार नाही, तरी माणूस झिजतो, आणि झिजण्याचे मुख्य कारण सुटकेची तारीख माहीत नसणे, हे त्याने नेमके ओळखले. नेत्यांच्या कक्षातल्या बारा जणांनाही तारीख माहीत नव्हती. त्यांच्यातही खटके उडत. नेहरू अंगणात कुदळ घेऊन फुलझाडांचे ताटवे खणीत, ही आपल्याला केवळ हौस वाटते.

आज तज्ज्ञ सांगतात ते सोप्या भाषेत असे. सामान्य आठवण ही जुन्या वहीसारखी असते. तिच्यावर तारीख असते, ती उघडता येते आणि मिटता येते. आघाताची आठवण तशी बांधली जात नाही. प्राणावर बेतले असता मेंदूतला धोक्याची घंटा वाजविणारा भाग इतका जोरात काम करतो की प्रसंगाला काळ-वेळेचा धागा लावून ठेवणारा भाग मागे पडतो. मग आठवण तुकड्यातुकड्यांनी राहते. एक वास, एक आवाज, कपड्याचा एक रंग. ह्यातला तुकडा पुढे केव्हाही समोर आला की देह समजतो, ते आत्ता घडते आहे. आत्याबाईंच्या दृष्टीने टेलिफोन चाळीस वर्षांपूर्वीचा नव्हताच. तो त्या रात्रीचा होता, दर वेळी.

म्हणून 'विसरून जा' हा आपल्या समाजाचा सर्वात आवडता सल्ला निरुपयोगी ठरतो. जे वहीत लिहिलेच गेले नाही, ते मिटणार कसे? उपचाराचे काम नेमके उलटे आहे: त्या तुकड्यांना हळूहळू, सुरक्षित ठिकाणी, विश्वासाच्या माणसासमोर क्रमाने मांडावयाचे, त्यांना तारीख द्यावयाची. ज्याचे भय वाटते त्याच्याजवळ टप्प्याटप्प्याने जावयाचे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन ह्यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात ह्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परत येणे. अलीकडच्या उपचारांत डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी एक पद्धतही आहे. १९८७ च्या सुमारास ती निघाली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. ती गुण देते हे पुढे दिसून आले, का देते ह्याविषयी वाद आहे.

लिहिण्याविषयीही प्रयोग झाले आहेत. १९८६ साली पेनेबेकर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वात वाईट प्रसंगाविषयी लिहावयास लावले. कागद कोणी वाचून त्यावर बोलणार नव्हते. लिहिताना त्यांना बरे वाटले नाही, उलट अधिकच वाईट वाटले. परंतु पुढल्या महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. चार दिवसांच्या लेखनाने जन्माचे घाव भरतात असा ह्याचा अर्थ काढू नये, आणि पुढच्या सर्व प्रयोगांत तेवढाच गुण आला असेही नाही. पण न टाकलेल्या पत्रांची ती फाईल आम्हांला ह्या प्रयोगानंतर नव्याने दिसू लागली. पत्राला मित्राचे नाव आहे, हे त्यातले मर्म. कागदापलीकडे ऐकणारा कोणीतरी आहे, निदान तसे मानता येते. ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानदेवांना दाराबाहेरून हाका मारणाऱ्या मुक्ताबाईची कथा मराठी माणसाला सांगावयास नको. बाहेर कोणीतरी बसलेले असणे आणि त्याने दार फोडून आत न घुसणे, ह्या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

दार फोडू नये, ह्याला आता पुरावाही आहे. १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत अशी टूम निघाली की, अपघात झाला की दोन-तीन दिवसांच्या आत प्रत्येकाला बसवून सारे सविस्तर बोलते करावयाचे. हेतू चांगला होता. पुढे तपासून पाहिले तेव्हा अशा एका बैठकीने फायदा दिसेना, आणि काहींना त्याने अधिकच त्रास झाल्याचे आढळले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यात सांगितले आहे ते आपल्या आजीबाईही सांगतील असे: जवळ जा, माणसाला अन्न, पांघरूण, नातलगांची खबर मिळवून द्या, ऐका, बोलण्याची सक्ती करू नका. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. काही सावरत नाहीत, महिना उलटला तरी त्या प्रसंगातच असतात. त्यांना जाणत्याकडे नेले पाहिजे.

आपल्याकडे ह्या जाणत्यांची परंपरा फार तोकडी आहे, हे कबूल केले पाहिजे. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथे इंग्रजी अमदानीत उघडलेली वेड्यांची इस्पितळे होती. नगर जिल्ह्याच्या माणसाला येरवडा म्हणजे एक धमकीच. 'येरवड्याला पाठवीन' हे वाक्य आम्ही लहानपणी ऐकलेले आहे. १९१२ चा कायदासुद्धा वेड्यांपासून समाजाचे रक्षण करण्यासाठी होता. तो १९८७ मध्ये बदलला, आणि २०१७ च्या कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क मानला. मधल्या काळात, १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक निजले असता किल्लारीला धरणी हलली आणि लातूर-धाराशिवकडची गावेच्या गावे गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे गेली. वाचलेली माणसे महिनोन्महिने घरात झोपावयास धजेनात. तेव्हा कोठे महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाने प्रथमच वाचले की, मदतीच्या मालमोटारींबरोबर मानसोपचारतज्ज्ञही जात असतात.

परंतु नगर जिल्ह्याने स्वतःच्या वाटेनेही काही केले आहे. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीस वेड्यांसाठी एक आश्रम उघडला होता आणि तेथल्या माणसांना ते स्वतःच्या हातांनी स्नान घालीत. त्यामागची त्यांची आध्यात्मिक भूमिका मान्य असो वा नसो. आजच्या अर्थाने तो उपचारही नव्हता, आणि आश्रम थोडक्याच दिवसांत राहुरीहून हलला. तथापि ज्यांना लोक धोंडे मारीत त्यांच्या अंगावर कोणीतरी ऊन पाणी घालीत होता, एवढे नोंदवून ठेवावे.

ऊन पाण्याची ही गोष्ट साठ वर्षांनी पुन्हा येते. डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे हे वैद्यकीय व्यवसायातील दांपत्य १९९८ पासून नगरच्या रस्त्यांवरील निराधार मनोरुग्णांना घरून जेवण नेऊन देऊ लागले. त्यांना दिसले की, रस्त्यावरच्या वेड्या बाईचे हाल वेड्या पुरुषापेक्षा फार निराळे आहेत. तिच्यावर अत्याचार होतात, अनेकदा होतात, तिला दिवस जातात, आणि तिची तक्रार कोणी लिहून घेत नाही, कारण ती वेडी आहे. मग शिंगवे नाईक येथे माउली सेवा प्रतिष्ठानचे घर उभे राहिले. रस्त्यावरून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि त्यांची तेथेच जन्मलेली मुले ह्या घरात आली. पुढे 'मनगाव' हा मोठा प्रकल्प झाला.

येथे हर्मनबाईंचे तीन टप्पे आठवावे. सुरक्षितता म्हणजे पुस्तकी शब्द नव्हे. जिच्या केसांत किडे पडले आहेत तिला न्हाऊ घालणे, जखम धुणे, धड कपडा देणे, रात्री आतून कडी असलेल्या खोलीत निजविणे, ही सुरक्षितता. तिच्याआधी आठवणीचा आणि शोकाचा विचारही करता येत नाही. कित्येकींना आपले नावही सांगता येत नाही. औषधाने मन थाऱ्यावर आल्यावर एखादीला गावाचे नाव आठवते. मग तिच्या घरी कळवावे, तर पुष्कळदा घर तिला नको असते. तिसरा टप्पा, माणसांत परत येणे, हा बाईच्या हाती कमी आणि आपल्या हाती जास्त असतो. आम्ही तेथे गेलो होतो तेव्हा एका बाईने आमचा हात धरून आम्हांला भाजी निवडण्याच्या घोळक्यात बसविले. तिने विचारले काही नाही, आम्हीही विचारले नाही. मेथीच्या दोन जुड्या निवडून झाल्या.

आपल्या शहरावरही अलीकडे दिवस आले. कोरोनाच्या साथीत किती घरांनी आपले माणूस रुग्णवाहिकेत चढताना शेवटचे पाहिले आणि पुढे चेहराही पाहावयास मिळाला नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, येथल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि उपचार घेत पडलेले रुग्ण दगावले. त्या घरांतले लोक आज ह्या शहरातच आहेत, कदाचित ह्या मांडवातही असतील. दहाव्या-तेराव्याला आपण सर्व गेलो होतो. त्यानंतर कितीजण गेलो? सहा महिन्यांनी, वर्षाने, 'बरी आहेस ना' ह्यापलीकडे काही विचारण्याच्या तयारीने? आम्ही गेलो नाही, हे येथे सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात गावोगाव लष्करातून परतलेले जवान आहेत. त्यांच्यापैकी कोणी फटाक्याच्या आवाजाने दचकून खाटेखाली शिरला तर घरचे प्रथम कोणत्या ठाण्यावर घेऊन जातात ते आपल्याला माहीत आहे. देवाला जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. देवाला जाऊन येताना वाटेत दवाखाना लागतो. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवाही सुरू झाली, तेथे मराठीतून बोलता येते.

आत्याबाई आता नाहीत. जाण्यापूर्वी एकदा आम्ही त्यांना मौलानांचे ते ११ एप्रिलचे पत्र आमच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. मान खाली घालून लिहिण्याचे सोंग करणाऱ्या मौलानांपाशी आल्यावर त्यांनी आम्हांला थांबविले. म्हणाल्या, "मी त्या दिवशी तांदूळ निवडत होते. निरोप आला तरी सगळे निवडून होईस्तोवर उठले नाही." चाळीस वर्षांत ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मग त्यांनी त्या रात्रीचे सगळे सांगितले, क्रमाने. दिवा गेला होता हेही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "त्या मौलानांचं पुढं काय झालं?"

पुढले आम्ही त्यांना सांगितले ते असे. मौलानांना १९४५ च्या एप्रिलमध्ये नगरहून बंगालात बांकुऱ्यास हलविले आणि जूनमध्ये सोडले. ते कलकत्त्यास उतरले तेव्हा हावड्याच्या स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला होता आणि बँड वाजत होता. बँड त्यांनी थांबवावयास सांगितला. हारांनी भरलेल्या मोटारीत बसल्यावर त्यांना आठवले की, तीन वर्षांपूर्वी आपण निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली होती, आणि आता त्या घरात आपल्याला भेटावयास कोणी नाही. त्यांनी मोटार वळवावयास सांगितली. घरी जाण्याआधी ते कबरस्तानात गेले. मोटारीतल्या हारांपैकी एक हार उचलून त्यांनी तिच्या कबरीवर ठेवला आणि मुकाट्याने फातिहा म्हटला.